अंगठा मॅडम

माझी सून बावीस वर्षं नर्सिंग कॉलेजात शिकवते. विषय असा, की परीक्षेला दहा मार्क आणि वर्गात निम्मी बाकं रिकामी. पेशंटशी खरं बोलावं, त्याची गुपितं फोडू नयेत, नीट समजावल्याशिवाय कागदावर अंगठा घेऊ नये, असलं. अंगठ्याचं इतकं घोकून घेते, की पोरी तिला माघारी अंगठा मॅडम म्हणतात. मी चौथीतनं घरी बसलेली. मी म्हणायचे, हे काय शिकवायचं, हे आईच्या दुधातनंच येतं. सून म्हणायची, "मग आई, एवढं दूध नासलं कसं?"

तिच्या वर्गात एक मुलगी होती, पहिल्या बाकावर बसून शब्दन् शब्द उतरवून घेणारी. एकदा वॉर्डात तिनं पाहिलं, एका म्हातारीचं ऑपरेशन उरकलेलं, बाई अजून गुंगीत, आणि मोठ्या सिस्टर तिचा अंगठा शाईला लावून संमतीच्या कागदावर उमटवतायत. आधी घ्यायचा राहून गेला होता. म्हातारी पुढे ठणठणीत होऊन घरी गेली. पण मुलीला काही ते गिळवेना. तिनं कागदाचा फोटो काढला, तक्रार लिहिली आणि वर्गातल्या सगळ्या मुलींना मोबाइलवर पाठवलं, तुम्हीही सह्या करा म्हणून. सही एकीनंही केली नाही. फोटो मात्र दुपारपर्यंत मोठ्या सिस्टरांच्या हातात.

चौकशी बसली ती अंगठ्याची नव्हे, फोटोची. म्हातारीचं नाव, कुठली गाठ काढली, सगळं त्यात होतं. गुपित फोडलं म्हणून मुलीला काढायचं का, एवढाच सवाल. सुनेनं अंगठ्याबद्दल दोन पानं लिहून नेली होती. प्राचार्यांनी ती न वाचताच बाजूला सारली आणि विचारलं, पेशंटचा कागद कुणाला दाखवू नये, हे तुम्ही शिकवलं होतं की नाही?

नाही म्हणाली असती, तर बोलणी हिला बसली असती आणि मुलगी वाचली असती. सून हो म्हणाली. मुलीला काढलं.

घरी आल्यावर मी तिला फैलावर घेतलं. अगं, एक थाप मारली असतीस तर आभाळ कोसळलं असतं का? मुलानं माझ्याकडे डोळे वटारले. सून एवढंच म्हणाली, "ती समोरच बसली होती, आई. तिच्यादेखत नाही कसं म्हणू?"

रविवारी मुलगी निरोप घ्यायला आली. हॉस्टेलचं सामान दाराशी ठेवलेलं. रडली नाही, भांडली नाही. मी चहा पुढे केला, तिनं हात लावला नाही.

"मॅडम, मग मी नक्की काय करायला पाहिजे होतं?"

चिडून नाही विचारलं. वर्गात हात वर करून विचारावं, तसं. आणि माझ्या एका वाक्याला चार ऐकवणारी माझी सून कपाच्या कानाकडे बघत बसली.

शेवटी मीच म्हटलं, "घे बाळ, चहा निवतोय."