ओढ्याला वाहिलेला नारळ

बाबा, म्हणजे माझे सासरे, नातीच्या जन्मासाठी रत्नागिरीहून अमेरिकेत आमच्याकडे ॲन आर्बरला आले आणि थोड्याच दिवसांत वैतागले. त्यांचं काही चुकत नव्हतं. उभा जन्म एसटीच्या डेपोत गाड्या आणि माणसं हाकण्यात गेलेला. इथे अपार्टमेंटच्या खिडकीत उभं राहून सिटी बस वेळेवर येते की नाही एवढंच बघायचं. ती मेली रोज वेळेवर यायची. सासूबाई बाळ-बाळंतिणीत बुडालेल्या, आणि बाबा कशाला हात लावायला उठले की माझी बायको म्हणायची, "बाबा, तुम्ही बसा ना." एकदा जेवता जेवता ते मला म्हणाले, "माझं तिकीट बदलून दे. बारशाला मी नसलो तर कुणाचं काही अडत नाही."

बायको भरल्या ताटावरून उठून गेली. वडिलांवर चिडणं तिला जमत नाही, म्हणून ती माझ्यावर चिडली. यांना कुठेतरी घेऊन जा, पण बारशाआधी जाऊ देऊ नकोस, असं बजावून तिने नाक पुसलं.

२००५ सालचा एप्रिल संपत आला होता आणि त्याच शनिवारी ट्राउट मासे धरायचा सीझन उघडत होता. नावाजलेल्या नद्यांवर त्या दिवशी जत्रा असते. पण दोन-अडीच तास उत्तरेला, एका कच्च्या रस्त्याखालून जाणारा ओढा मला ऑफिसातल्या एकाने दाखवला होता. तिथे काळं कुत्रं फिरकत नाही. मी पुण्याचा, काटे काढून मासा खायलाच लग्नानंतर शिकलो, त्यामुळे आधीच्या वसंतात माझ्या गळाला लागल्या त्या फक्त झाडाच्या फांद्या. बाबांना मात्र लहानपणी खाडीवर गळ टाकायची सवय होती. त्या आठवड्यात पहिल्यांदाच त्यांनी चार प्रश्न विचारले. आमिष कसलं, पाणी किती, मासा केवढा. मी लगेच त्यांच्याही नावाचं मासेमारीचं लायसन्स काढलं.

शनिवारी पोचलो तेव्हा सावलीत अजून बर्फाचे तुकडे होते आणि पाणी इतकं नितळ की तळाचे गोटे दिसत होते. मी त्यांना गाडीतच सगळं पढवलं होतं: ट्राउट भारी भित्रा, पाय वाजवायचे नाहीत, सावली पाण्यावर पाडायची नाही, बोलायचं तर कुजबुजत. बाबांनी अक्षरशः पाळलं. मांजराच्या पावलांनी डोहाशी गेले. तिथे ओणवून पाहतात तर काठाखाली दोन ट्राउट, प्रवाहाकडे तोंड करून नुसते शेपट्या हलवत उभे. मी आनंदाने वळून गळाला गांडूळ लावायला लागलो.

माझी पाठ वळल्याबरोबर बाबांनी पिशवीतून नारळ काढला. हळदकुंकू लावलेला. डोळे मिटले, हात जोडले आणि नारळ धपकन डोहात टाकला.

ट्राउट कुठे गेले कळलंसुद्धा नाही. नारळ मात्र शेंडी वर करून डुलत डुलत वळणापलीकडे निघून गेला.

"बाबा, अहो!"

"सीझन उघडतोय ना? मग नारळ नको?" ते शांतपणे म्हणाले. "आमच्याकडे त्याशिवाय होडी पाण्यात जात नाही."

तो नारळ सासूबाईंनी बारशाच्या ओटीसाठी आणून ठेवलेला होता, हे त्यांनी मग हळूच सांगितलं. माझा पारा चढला होता, पण सासऱ्यांवर चिडणं मलाही जमत नाही. मी गळ आवरायला लागलो.

तेवढ्यात वळणावरून कमरेपर्यंत रबरी बूट घातलेला एक गोरा म्हातारा आला. त्याच्या हातात आमचा नारळ. तुमचं काही वाहून आलं का, असं त्याने अगदी गंभीरपणे विचारलं. बाबांचा चेहरा उजळला. देवाला वाहिलेलं परत आलं म्हणजे तो प्रसाद. त्यांनी दगडावर नारळ फोडला, त्याच्या हातावर खोबरं ठेवलं आणि डेपोतल्या इंग्रजीत त्याला सगळा विधी समजावून सांगितला. म्हातारा खोबरं चावत राहिला, मग आम्हाला वरच्या अंगाला आपल्या आवडत्या डोहावर घेऊन गेला. कुणाला सांगू नका, एवढंच म्हणाला. मीही जागा सांगत नाही.

तिथे बाबांनी दोन ट्राउट काढले. माझ्या वाट्याला नेहमीप्रमाणे फांदी.

घरी आल्यावर त्यांनी कुणालाच हात लावू दिला नाही. मासे स्वतः साफ केले, बाळंतिणीसाठी तिखट बेताचं लावलं, रवा लावून तळले आणि ताट स्वतः खोलीत नेलं. बायको उठायला लागली तेव्हा म्हणाले, "तू बस."

ती बसली. दोन्ही मासे संपेपर्यंत बाबा नातीला मांडीवर घेऊन समोर बसून होते. दारातून ते बघताना मला फार बरं वाटलं.

इतक्यात सासूबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं, ओटीचा नारळ कुठे गेला? बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"उद्या दोन आण," ते म्हणाले. "एक बारशाला, एक पुढच्या शनिवारी."

मी तीन आणले. तिसरा माझ्या गळाच्या नावाने.