मेस्त्रींचा न टेकलेला पाय

लाकडाचं आणि लोखंडाचं कधी पटत नाही, हे मेस्त्रींना चाळीस वर्षांच्या सुतारकामात पुरतं कळलं होतं. जुनी खिडकी उघडावी, तर खिळ्याभोवतीचं लाकूड काळंठिक्कर. बोटानं टोकरलं की भुगा. म्हणून ते होता होईल तो खिळा टाळायचे आणि चारचौघांत त्याची फुशारकीही मारायचे. अशा माणसाचा खुबा मोडावा, आणि मांडीच्या हाडात धातूचा दांडा बसवून घ्यायची पाळी यावी! मेस्त्रींची पाचावर धारण बसली.

"सिमेंट लावलेलं नाही," ऑपरेशननंतर डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. "धातू मुद्दाम खडबडीत ठेवलाय. त्याच्या छिद्रांत तुमचं हाड वाढेल, दोघं एकजीव होतील. पाय मात्र रोज टेकायचा."

एकजीव! तेही सरस न लावता!

घरी पाय टेकला, की आत काहीतरी करकरल्यासारखं वाटायचं. दरदरून घाम फुटायचा. मग त्यांनी युक्ती काढली. सगळा भार हातांनी वॉकरवर पेलायचा, आणि तो पाय जमिनीला नुसता लावायचा. बघणाऱ्याला वाटावं, चाललेत. बायको शेजारणीला कौतुकानं सांगायची आणि हे मुकाट ऐकून घ्यायचे.

सहा आठवड्यांनी एक्स-रे काढला. हाड आणि धातू यांच्यामध्ये केसाएवढी काळी रेघ होती.

"सुटलंय का हो?" मेस्त्रींनी विचारलं.

"अजून नीट धरलंच नाहीये. रोज पाय टेकता ना?"

"टेकतात की! घरभर फिरतात," बायको म्हणाली.

"नाही टेकत," मेस्त्री म्हणाले.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत, हे त्यांना जास्तच भयंकर वाटलं. "झाडावरचं दगडफूल पाहिलंय? ते दोन जीव असतात. शेवाळ अन्न बनवतं, बुरशी ओल धरून ठेवते. झाडांच्या मुळांशीही अशी बुरशी नांदते. देणंघेणं चालू असेतोवर संसार. तुमच्या मांडीत धातू आधार देतोय, पण हाडाला भारही लागतो. भार मिळाला तर ते वाढतं, नाहीतर झिजतं. जपून जपून तुम्ही त्याला उपाशी ठेवलंत. महिनाभर बघू. नाहीच धरलं, तर पुन्हा उघडावं लागेल."

पुन्हा! ज्याला एवढं भ्यायलो, ते आपल्याच हातानं ओढवून घेतलं.

बाहेरच्या लांब व्हरांड्यात त्यांनी वॉकर पुढे ढकलला आणि पाय खरोखर टेकला. दुसरं पाऊल टाकायच्या आधी ते थांबले.

"दुखतंय का?" बायकोनं विचारलं.

"नाही गं. भीती वाटते."

"मग सहा आठवडे तोंड शिवलं होतं का?"

"तू हसली असतीस."

"हसले असतेच," ती डोळे पुसत म्हणाली. "आणि रोज दंडाला धरून चालवलं असतं."

मेस्त्रींनी पुढचं पाऊल टाकलं, सगळा भार देऊन. भीती तशीच होती.