एका बाजूला पाय सोडून

ठमाबाईने आयुष्याची एकतीस वर्षं मोटरसायकलच्या मागच्या सीटवर एका बाजूला पाय सोडून काढली, आणि त्या सीटबद्दल तिला कुणी एका शब्दाने विचारलं असेल तर शपथ.

देवळ्याहून लग्न होऊन ती मखमलाबादच्या झेंडूच्या मळ्यात आली. सकाळी फुलं खुडायची, गोणी भरायची आणि ती मांडीवर घेऊन गोटीरामच्या मागे बसायचं. एका हातात गोणी, दुसऱ्या हातात नवऱ्याचा शर्ट. गोटीराम मात्र चारचौघांत सांगायचा, "रोज फुलं मी नेतो बाजारात."

आता पोराने पिकअप घेतला, फुलं त्यातून जाऊ लागली. मग गोटीरामच्या डोक्यात बसलं की नवी मोटरसायकल घ्यायची आणि दोघांनी कन्याकुमारीला जायचं. ठमाबाईने समुद्र पाहिला नव्हता. तिला जायचं होतं, अगदी मनापासून. पण दोन महिने घरात एकच विषय चालला: लांबच्या प्रवासाची उंच टूरिंग घ्यावी की बुटकी क्रूझर? घाटात कोणती चालेल, आपले पाय कशावरून टेकतील, आपली कंबर कशावर धरणार नाही. सगळं त्याचं स्वतःचंच.

शोरूममध्येही तेच. स्नेहा नावाच्या तिथल्या पोरीने त्याला दोन्ही गाड्यांवर बसवलं, हँडल धरायला लावलं. ठमाबाई पिशवी घेऊन उभीच. टूरिंगला डाव्या अंगाला सामानाची पेटी. पाय ठेवायचे कुठे? क्रूझरची मागची सीट पोळपाटाएवढी, वर बरगडीत घुसेल अशी लोखंडी पाठ. पोरगी बाईमाणूस, तिला तरी दिसावं की नाही?

"काकूंना काय, आरामात टेकून बसतील," स्नेहा म्हणाली.

"तिला पडायची सवय हाय," गोटीराम हसत म्हणाला, आणि त्याने ती गोष्ट काढलीच. बावीस वर्षांपूर्वी कालव्याच्या वळणावर गतिरोधकावरून गाडी उडाली, ठमाबाई गोणीसकट खाली पडली, आणि हा गडी तसाच बाजारात पोचला. गोणी उतरवायला मागे वळला, तेव्हा कुठे त्याला कळलं. ही गोष्ट त्याने किती लग्नांत सांगून लोकांना हसवलं असेल, त्याला गणती नाही. स्नेहाही हसली.

ठमाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"पोरी, तुला चालवता येती ना ही बुटकी?" तिने विचारलं. "मग चालव. हे मागं बसतील, एका बाजूला पाय सोडून. ही पिशवी मांडीवर घेऊन."

"अगं, लोक काय म्हणतील?"

"मला कधी काय म्हटले? बसा."

तिचा चेहरा बघून गोटीराम बसला. स्नेहा त्याला अंबडच्या रस्त्याने नेऊन दहा मिनिटांत परत आली. वाटेत दोनच गतिरोधक लागले होते. उतरताना पिशवी त्याने छातीशी घट्ट आवळली होती.

"काका, मग कोणती काढू?" स्नेहाने विचारलं.

त्याने तिच्याकडे पाहिलंच नाही. बायकोला म्हणाला, "तवा लय लागलं व्हतं का गं?"

बावीस वर्षांत हे त्याने पहिल्यांदा विचारलं. ठमाबाईला रडू यायला हवं होतं. तिला उलट अधिकच राग आला.

"खांदा निखळला व्हता. वर्षभर हात वर जात नव्हता. वेणी तुमच्या आईने घातली माझी."

ठमाबाईने स्नेहाला टूरिंगची चढायला आड येणारी डावी पेटी काढायला लावली. मग निऱ्या वर खोचून, गोटीरामच्या खांद्याचा आधार घेऊन तिने पाय पलीकडे टाकला आणि दोन्हीकडे पाय सोडून ताठ बसली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा समोर रस्ता दिसणार होता.

"ही घ्या," ती म्हणाली. "मी अशीच बसणार. आन् ती गोष्ट परत कुठं सांगितली, तर आसाल तिथून मी एसटीने माघारी येईन. मागं वळून बघाल तवा कळंल."