रविवारचा पाऊस

एकोणतीस वर्षं पाऊस मोजणाऱ्या माणसाला गल्लीने नाव ठेवलं मिलीमीटरकाका, आणि ते उगीच नव्हतं. चहात साखर घालताना चमच्यावरचा उंचवटा ते बोटाने सपाट करत. दाराला फट किती म्हणून विचारलं, तर हाताने दाखवणार नाहीत, आकडा सांगतील. ढग दिसले की गल्ली त्यांनाच विचारायला यायची, किती पडेल. डोंगराच्या पायथ्याशी पर्जन्यमापक केंद्र होतं, तिथे त्यांची नोकरी. रोज सकाळी आठला कुंपणातल्या नळकांड्यात साठलेलं पाणी काचेच्या मापात ओतायचं, डोळा पाण्याच्या पातळीला आणायचा आणि आकडा वहीत उतरवायचा. निवृत्तीच्या वेळी नदीच्या खोऱ्यातलं पाणी बघणाऱ्या खोरे कार्यालयाने प्रशस्तिपत्र दिलं, त्यात ‘एकही दिवस खाडा नाही’ असं ठसठशीत छापलेलं. काकू आल्यागेल्याला आधी ते दाखवत, मग पाणी विचारत.

सूनबाई त्याच खोरे कार्यालयात लागली. तिच्या कामाला घरात ‘संगणकातली नदी’ म्हणत. वरच्या भागात किती पाऊस पडला ते त्यात घालायचं. माती किती पिते, उतार किती, झाडी किती, याचा मेळ बसून खाली नदीला कधी आणि किती पाणी येईल ते बाहेर पडतं. ते भरवशाचं आहे का हे बघायला जुन्या वर्षांचा पाऊस घालायचा आणि त्या वर्षी नदी खरोखर किती चढली होती त्याच्याशी ताडायचं. जुळलं, की त्यावरून धरण किती भरायचं आणि पुरासाठी किती जागा रिकामी ठेवायची ते ठरतं. काकूंनी हे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, मग आमच्यासारखंच की, चव घेत घेत मीठ घालायचं.

त्या बुधवारी सूनबाई दुपारी जेवायला घरी आली ती कपाळावर आठ्या घेऊनच. शुक्रवारी बैठक होती. यंदा धरण काठोकाठ भरायचं की वरचा हातभर भाग मोकळा सोडायचा, हे त्यात ठरणार होतं.

‘‘सगळे वार जुळतात, रविवार तेवढा जुळत नाही,’’ ती ताटाकडे न बघता म्हणाली. ‘‘सहा वर्षांतले पाच मोठे पूर जुळत नाहीत, पाचही रविवारचे. माझी नदी कमरेइतकी चढते, खरी नदी डोक्यावरून गेलेली. आता नदीला काय वार कळतात?’’

‘‘पट्टीवाल्याला कळतात की,’’ मुलगा म्हणाला. ‘‘शनिवारी रात्री बसत असेल. सकाळी नदीपेक्षा तोच जास्त चढलेला.’’

सगळे हसले. पुलाच्या खांबावर रंगवलेली पट्टी बघून नदीची पातळी लिहिणारा तो पट्टीवाला, आणि मोठ्या साहेबांनाही त्याचाच संशय होता. त्याच्या रविवारच्या नोंदी वगळून टाका, असं त्यांनी सांगितलं होतं. त्या वगळल्या की संगणकातली नदी गरीब गाईसारखी वागत होती आणि धरण खुशाल काठोकाठ भरा म्हणत होती.

काकांनी हातातला घास ताटात परत ठेवला. तेवढ्यात काकू सहज बोलून गेल्या, ‘‘रविवारी यांच्या केंद्रावर मास्तर पाऊस बघायचे. त्यांना विचार हवं तर.’’

काका पाणी प्यायच्या निमित्ताने उठले ते परत पाटावर बसलेच नाहीत.

त्या सहा वर्षांत काकूंना रक्ताचं दुखणं होतं. दर शनिवारी सकाळचं वाचन, म्हणजे पावसाची मोजणी, झाली की काका त्यांना शहरातल्या इस्पितळात न्यायचे. रात्रभर नळी लागायची, रविवारी रात्री दोघं परत. माझ्यापायी तुमची नोकरी जाईल, मी येत नाही, असं काकू धरून बसल्यावर काकांनी सांगितलं होतं की शेजारच्या शाळेचे मास्तर रविवारचं वाचन घेतात. मास्तरांनी घेतलंही, दोन रविवार. मग त्यांची बदली झाली आणि ते सांगायचं राहून गेलं.

नियम असा, की वाचन झालं नाही तर वहीत आडवी रेघ मारायची. तीन रेघा झाल्या की कार्यालयाचं पत्र, आणि पुढे बदली. मग काका काय करायचे, तर सोमवारी सकाळी दोन दिवसांचं साठलेलं पाणी मोजायचे आणि अर्धं रविवारच्या नावावर, अर्धं सोमवारच्या नावावर टाकायचे. अगदी सारखे आकडे डोळ्यांत भरतील म्हणून चार-सहा मिलीमीटर इकडचे तिकडे. पाणी सगळं लिहिलं, थेंब लपवला नाही, मग खोटं कुठे झालं? एवढी वर्षं मनाची समजूत घातली होती ती अशी. पण शनिवारी रात्री एका दमात कोसळलेला पाऊस कागदावर दोन दिवस रिमझिमत राहिला होता.

दुपारभर त्यांना एका जागी बसवेना. अंगणात गेले, आत आले. बंद नळ पुन्हा आवळला. काकूंनी विचारलं, पोटात दुखतंय का. त्यांनी हो म्हटलं, आणि मग ओव्याचं पाणी प्यावं लागलं. संध्याकाळी सूनबाई आली तेव्हा दोनदा तोंडाशी आलं, आणि दोन्ही वेळा त्यांनी विचारलं ते भलतंच: छत्री नेली होतीस का.

गुरुवारी सकाळी ते चालत पुलावर गेले. पट्टीवाला कठड्याला टेकून बसला होता, डोळ्यांवर नवा चष्मा. काकांना बघून तो सरकला आणि जागा करून दिली. सांगू लागला, साहेब म्हणतात माझी नजर गेली. म्हणून स्वतःहून डोळे तपासून घेतले. डॉक्टर म्हणाला लांबचं उत्तम आहे. तरी हा घेतला, दिसायला बरं.

‘‘काका, तुम्ही आकड्यातला माणूस,’’ तो म्हणाला. ‘‘एका रविवारी तर पाणी पट्टीच्या वर गेलं होतं. मी दोरी सोडून मोजलं, बायको कंदील धरून उभी होती. आता ते म्हणतात खोडा. तुम्ही सांगाल का त्यांना, माणूस असं मनाने लिहीत नाही म्हणून?’’

काका म्हणाले, सांगतो. आणि घराकडे न वळता तडक कार्यालयात गेले.

मोठ्या साहेबांनी खुर्ची दिली, ती त्यांनी घेतली नाही. सूनबाई पडद्यावर रंगीत रेषा दाखवत होती. तिच्यासमोर बोलायचं सर्वांत जड होतं, म्हणून आधी तेच केलं. मास्तर, इस्पितळ, अर्धं-अर्धं, इकडचे तिकडे, सगळं. सांगताना आवाज इतका सपाट होता, जणू कुणा दुसऱ्याच्या केंद्राची तपासणी वाचून दाखवत आहेत.

साहेबांनी वगळायच्या नोंदींची यादी पुढे ओढली आणि तिच्यावर काट मारली. मग म्हणाले, पट्टीवाल्याच्या नोंदी राहतील.

सूनबाईने लगेच मान खाली घालून काही लिहून घेतलं. दोन दिवसांची बेरीज खरी असेल तर नदीच्या चढण्यावरून पाऊस कधी पडला ते काढता येईल, असं ती साहेबांना म्हणाली. उद्यापर्यंत सगळं नव्याने चालवून होणार नव्हतं. तोवर धरणाची वरची जागा मोकळी ठेवा, असं ती बैठकीत मांडणार होती. मग ती काकांकडे वळली.

‘‘बाबा, बाकीचे वार?’’

‘‘मंगळवार ते शनिवार खरे आहेत.’’

‘‘मला खात्री आहे,’’ ती म्हणाली, ‘‘पण लिहिताना मला ती सहा वर्षं पूर्ण संशयित म्हणूनच लिहावी लागतील.’’

सहा वर्षांचे मंगळवार ते शनिवार त्यांच्या डोळ्यांपुढून गेले. तापात काढलेलं वाचन, गुडघाभर चिखलातलं, विजा कडाडत असतानाचं. तेही सगळे रविवारबरोबर गेले. त्यांनी मान हलवली. तिच्या जागी ते असते तर त्यांनीही तेच लिहिलं असतं.

घरी काकू भाजी निवडत बसल्या होत्या. सूनबाईच्या तोंडून कळण्याआधी काकांनी स्वतः सांगितलं, उभ्याउभ्याच. काकूंचा हात थांबला.

‘‘इतकी वर्षं मी त्या मास्तरांसाठी देवाजवळ मागत आले,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मला का नाही सांगितलंत?’’

‘‘तू इस्पितळात आली नसतीस.’’

‘‘नसतेच आले.’’

त्यांनी पुन्हा भाजीत हात घातला. देठ मोडण्याचा आवाज तेवढा येत राहिला. काका दारात जाऊन उभे राहिले. पश्चिमेला आभाळ धरलं होतं, आणि किती पडेल याचा अंदाज त्यांच्या तोंडात तयार होता. पण विचारायला कुणी आलं नाही.