एमआरआयची खरेदी

त्या वर्षी माझ्या ऑफिसने जुना हेल्थ इन्शुरन्स बंद केला आणि नवा प्लॅन आणला. दरमहा हप्ता कमी, पण वर्षातला उपचारांचा सुरुवातीचा बराचसा खर्च आपणच करायचा. त्यासाठी पगारातून करमुक्त पैसे बाजूला टाकायचं एक खातं. एचआरच्या बाई मीटिंगमध्ये हसत म्हणाल्या, "यापुढे तुम्ही नुसते पेशंट नाही, ग्राहक आहात. चौकशी करा, तुलना करा, मग निवडा."

मला धडकीच भरली. नवरा मात्र खूश झाला. साधा टोस्टर घ्यायचा तरी तीन आठवडे रिव्ह्यू वाचणारा माणूस तो. "शेवटी कोणाला तरी अक्कल आली," म्हणाला.

उन्हाळ्यात, आमच्या नोव्हाय या अमेरिकेतल्या गावच्या पार्कात रविवारचं क्रिकेट खेळताना तो कॅच घ्यायला झेपावला आणि उजव्या खांद्यावर आपटला. हात डोक्याच्या वर जाईना. डॉक्टरांनी एमआरआय सांगितला. "कुठे करायचा ते तुम्ही ठरवा," म्हणाले.

झालं! नवऱ्याला जणू कामगिरीच मिळाली. ऑफिसातून आला की फोन घेऊन बसायचा. एका हॉस्पिटलने त्याला चार ठिकाणी ट्रान्सफर केलं आणि शेवटी सांगितलं की नक्की किंमत बिल आल्यावर कळेल. "म्हणजे साडी आधी नेसायची, किंमत नंतर विचारायची," मी म्हणाले. पण तो चिकाटी सोडेना. वेबसाइट्स उघडल्या, दर काढले. एकाच रस्त्यावरच्या दोन ठिकाणी, तीच तपासणी एकीकडे दुसरीकडच्या चौपट महाग निघाली. जेवताना रोज त्याची बातमीपत्रं ऐकून आमची मुलगी कंटाळली. "डॅड, जस्ट पिक वन!"

"घाई करायची नसते," तो म्हणायचा. स्वस्त ठिकाणाचे रिव्ह्यू बरे नव्हते. रिव्ह्यू बरे होते तिथलं मशीन जुनं होतं. मशीन नवं होतं तिथे पार्किंगची बोंब. झाडांची पानं लाल झाली, गळायला लागली, तरी खरेदी चालूच. एव्हाना त्याला जॅकेटची बाही चढवायला मी लागत होते.

शेवटी मीच एका शनिवारची अपॉइंटमेंट घेतली. बेकरीच्या शेजारचं छोटंसं सेंटर. फोनवरच्या बाईने पहिल्या वाक्यात किंमत सांगितली, तीही वाजवी. नवरा मुकाट्याने गाडीत बसला. तिथे पोचल्यावर मात्र सीटबेल्ट काढेना.

"काय झालं? पार्किंग तर भरपूर आहे."

त्याने गाडीची काच थोडी खाली केली. मग म्हणाला, "मला त्या नळीत जायचं नाहीये."

"म्हणजे?"

"लहानपणी लपाछपी खेळताना मामाकडच्या पत्र्याच्या मोठ्या पेटीत लपलो होतो. वरून कडी पडली. ओरडलो, कोणाला ऐकू गेलं नाही. जेवायची पानं वाढल्यावर आजीच्या लक्षात आलं, एक पोरगं कमी आहे."

"आणि हे मला लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर सांगतोयस?"

"विषय निघाला नाही."

मला हसू येत होतं, पण त्याचा हात हातात घेतला तर तो घामाने ओला. इतके दिवस मी त्याला चिकट समजत होते. बिचारा किमती विचारून विचारून दिवस पुढे ढकलत होता.

मी एकटीच आत गेले आणि काउंटरवरच्या बाईंना खरं ते सांगून टाकलं. त्यांना काहीच नवल वाटलं नाही. "असे पुष्कळ येतात," म्हणाल्या. त्यांच्या दुसऱ्या शाखेत बाजूंनी उघडं असलेलं मशीन होतं. त्यांनी तिथे फोन लावला आणि दुपारचीच वेळ मिळवून दिली.

गाडीशी येऊन मी म्हटलं, "उघडं मशीन आहे. थोडं महाग पडेल."

"चालेल," तो म्हणाला. किती, हे विचारलंसुद्धा नाही!

तिथल्या टेक्निशियनने मला आत बसायची परवानगी दिली. मंगळसूत्र, बांगड्या, केसांच्या पिना, सगळं काढून ठेवलं. मशीनच्या वरच्या-खालच्या दोन जाड तबकड्यांच्या मधे नवरा डोळे मिटून पडला होता आणि मी त्याचा पाय धरून बसले होते. मशीनचा खडखडाट थांबला की मी गप्पा सुरू करायची. मंडळाच्या गणपतीत एका काकूंचे सगळे उकडीचे मोदक फुटले आणि त्यांनी कसं शांतपणे जाहीर केलं, की यंदा मोदक नाहीत, मोदकाची खीर आहे. पुढचा खडखडाट सुरू झाला तरी नवऱ्याचं पोट हलतच राहिलं. स्पीकरवरून टेक्निशियन ओरडला, "सर, प्लीज, हसू नका!" तो फोटो पुन्हा काढावा लागला.

संध्याकाळी त्याने मुलीला स्वतःहून पेटीची गोष्ट सांगितली, आत कसा अंग दुमडून बसला होता ते सोफ्यावर बसून दाखवत. तिने फोन बाजूला ठेवून ऐकली. "यू शुड हॅव टोल्ड अस," म्हणाली आणि त्याच्या चांगल्या खांद्यावर डोकं टेकून बसली.

रिपोर्ट चांगला आला. स्नायू थोडासा फाटला होता, ऑपरेशनची गरज नव्हती. थंडीभर दाराच्या मुठीला रबराचा पट्टा बांधून त्याने व्यायाम केला. बर्फ वितळेपर्यंत वरच्या फळीवरचा लोणच्याचा डबा तो स्वतः काढायला लागला होता.