देवाची टवाळी

गणपतीची मूर्ती ठरवायला कारखान्यात गेले, तेव्हा म्हातारे मूर्तिकार काका डोळ्यांची आखणी करत बसले होते. ब्रश टेकवता टेकवता ते मूर्तीला म्हणाले, "हलू नकोस रे ढेरपोट्या! डोळा तिरळा झाला की माझ्या नावानं बोंबलशील." मला हसू आलं आणि लगेच ओसरलं. सकाळीच माझी सात वर्षांची मुक्ता देवघरापाशी बसून म्हणाली होती, "बाप्पा, एवढे मोदक खाल्लेस तर दात किडतील हं." "देवाची टवाळी करतेस?" म्हणून मी तिला कान धरून दहा उठाबशा काढायला लावल्या होत्या.

मग हे काय होतं? काकांना विचारलंच. मान वर न करता ते म्हणाले, "टवाळी लांबून करतात, बाई. माझं नाक बघा कुठं आहे." ते सोंडेला टेकलं होतं.

वाटभर मला काही उलगडेना. टवाळी शब्दांत असते की सुरात? आणि लांब कोण, जवळ कोण, हे ठरवायचं कुणी? मी स्वतः तर पाठ केलेल्या आरत्यांपलीकडे देवाशी कधी बोललेच नाही.

घरी आले, तर मुक्ता देवघरापुढे काहीतरी पुटपुटत होती. मला बघताच ती गप्प झाली आणि न सांगता तिनं कान धरले.