नाना जागचा उठत नसे

धुळ्याहून भावजयीचा, सुनंदाचा फोन आला तेव्हा मी जळगावात गॅसवर दूध ठेवत होते. "अक्का, नाना गेले," एवढंच ती बोलली. नाना माझा धाकटा भाऊ. त्याला जाऊन महिना होईल, पण अजून रडू येण्याआधी मला स्वतःचा राग येतो.

त्याचं साड्यांचं दुकान. सकाळी गादीवर बसला की जेवणापर्यंत जागचा हलायचा नाही. आपण उठलो की गिऱ्हाईक उठतं, अशी त्याची ठाम समजूत. अलीकडे तर लघवीला दिवसातून दोनदाच जातो, हे तो पाहुण्यांनाही अभिमानाने सांगे. एकदा लग्नाहून एसटीने परतताना पारोळ्याला गाडी थांबली. सगळे पुरुष घाईने उतरले, हा खिडकीशी शेंगा खात बसलेला. "मन्ही टाकी मोठी शे, अक्का!" मीही हसले, चांगली मोठ्याने हसले. त्याला कित्येक वर्षांची साखर होती हे मला ठाऊक होतं... आणि माझा जन्म अकरावीला जीवशास्त्र शिकवण्यात गेलेला. मूत्राशय भरत आलं की त्याच्या भिंतीतल्या नसा कण्याच्या खालच्या टोकाला कळवतात, तिथून मेंदूला कळतं. मेंदू म्हणतो, जरा थांब, आणि सोय झाली की म्हणतो, आता सोड. हे सगळं मी फळ्यावर न बघता काढत असे. जुनी साखर आधी त्या कळवणाऱ्या नसाच मारते, हेही सांगत असे. नानाची टाकी मोठी नव्हती; ती भरल्याचं त्याला कळतच नव्हतं.

पाय सुजले तेव्हा कुठे तपासणी झाली. लघवी तुंबून तुंबून दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. वाटो न वाटो, दर तीन तासांनी जायचंच, असं डॉक्टरांनी बजावलं. तो समोरचं गिऱ्हाईक सोडून निमूट उठू लागला. मला ते बघवत नसे. आणि तोवर उशीरही झालेला होता.

शेवटच्या भेटीत त्याने सुनंदाला चहा आणायला पाठवलं आणि हळूच विचारलं, "अक्का, तुले हाई बठ्ठं माहीत व्हतं का वं?"

"नही रे, नाना."

"तुलेच नही, मंग माले कसं समजी..." तो म्हणाला. त्याचा चेहरा सैल झाला. मला मात्र त्या घटकेपासून चैन नाही.

त्याच्या मोबाइलमधला तीन तासांचा गजर सुनंदाने अजून बंद केलेला नाही. परवा मी तिथे असताना तो वाजला. ती म्हणाली, "अक्का, त्या दिवशी माले बाहेर धाडीसन त्यासनी तुम्हले काय इचारं?"

"काही नाही गं," मी म्हणाले, "तुझी काळजी घ्यायला सांगितलं."

ती पदराने डोळे पुसू लागली. गजर वाजतच होता.